अनंताच्या फांद्या

कापडे गावाच्या वरच्या वाडीत महिपतच्या दारचं अनंताचं झाड दरडीबरोबर खाली गेलं. चिखलातून शेंडा तेवढा वर राहिला होता. त्याच्या फांद्या महिपतने कोयत्याने तोडून घरात आणल्या.

झाड त्याच्या बायकोने, रखमाने लावलेलं. वाडीत कुणाला फांदी जगवायची असली की तिलाच हाक मारत. पण पावसाच्या तोंडावर तिचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. चालत होता फक्त डावा हात.

बाहेर पाऊस धरून बसलेला. महिपतने तिच्या खाटेशेजारी खिडकीत तेलाचे डबे मांडले, शेतातली चिकट माती भरली, वर ओलं शेण घातलं आणि फांद्या रोवल्या. रखमा हात हलवू लागली.

"पाणी पायजे गो?" त्याने तांब्या तिच्या तोंडाला लावला. तिने तोंड फिरवलं. झाडाला म्हणत असेल, म्हणून त्याने तांब्या डब्यात ओतला. तिच्या घशातून नुसती घरघर निघाली.

फांद्या बुडाशी काळ्या पडून सडल्या. दोनच धड राहिल्या.

मुंबईहून मुलाचा, भरतचा फोन आला. "बाबा, माती मोकळी लागते. कोकोपीट मिक्स करा, नारळाच्या काथ्याचा भुसा."

"तुज्या आयशीला सगळं ठावं हाय रे. पर तिला इचारू कसं?"



मग महिपतने तिच्या हातातच माती दिली. तिने मूठ दाबली, उघडली. गोळा तसाच राहिला. तो तिने खाली टाकला. त्याने शेण पुढे केलं, तिने ढकललं. ओढ्याकाठची वाळू दिली, तेव्हा तिने त्याचं बोट घट्ट धरलं. रानातल्या झाडाखालचा कुजलेला पाला दिला, तेव्हाही. पण काय किती घालायचं, ते काही केल्या कळेना. वाळू ओतताना तिने हात उचलला. पुरे म्हणते असं समजून तो थांबला.

राहिलेल्या दोन फांद्या त्यात लावल्या. एकीला हिरवी पानं फुटली.

"बघ गो, जगली!"

रखमाने सावकाश मान हलवली. नाही.

"आता तरी हस की! काय करू तुज्यासाठी?" तो ओरडला. तिने डोळे भिंतीकडे वळवले.

पानं माना टाकू लागली. महिपतने फांदी उपटली. बुडाला एकही मूळ नव्हतं. फांदीतल्या ओलाव्यावरच ती फुटली होती. दुसरी तर केव्हाच वाळून गेलेली.

"तुला ठावं होतं?"

तिने पापण्या मिटल्या.

तो खाटेशी बसला. ओल्या फडक्याने तिच्या नखांतली माती काढू लागला, तर तिने मूठ मिटून घेतली. माती राहू दे म्हणते, की हात दुखतोय, की अजून राग आहे? त्याने दोनदा विचारलं. मग फडकं हातात धरून तसाच बसून राहिला.