कंटोन्मेंटातले बूट

प्राणेशने पिशवीतून बूट काढून मागच्या अंगणातल्या कट्ट्यावर ठेवले, तशी त्याची बायको कावेरी दोन पावलं मागे सरली.

"अय्यो! हे पायात घालायचे, की कुणाच्या डोक्यात?"

बूट होतेच तसे. घोट्याच्या वर चढणारे, करपलेल्या गुळाच्या रंगाचे. पुढची टोकं नारळाच्या करवंटीसारखी टणक, आणि तळाला चामड्याच्या जाड खुंट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. गोरे जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी कंटोन्मेंटातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत त्यांच्या वस्तू अजून निघत. महायुद्धाच्या आधी कुणा सार्जंटने हेच घालून चेंडू हाणला असेल.

"आता सगळे असलेच घालतात का?" कावेरीने विचारलं.

"नाही गं. आताचे बूट हलके असतात. पण माझ्या पंजाला बसतील असे एवढेच मिळाले."

प्राणेश टेलिफोनच्या कारखान्यात कामाला होता आणि चामराजपेट पेठेच्या फुटबॉल संघात उजव्या बाजूने खेळायचा. आजवर अनवाणीच. पण त्या वर्षी लीगवाल्यांनी सांगून टाकलं होतं, बुटांशिवाय मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

त्याने बूट चढवले आणि उभा राहिला. एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला तो कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकला.

"जटक्याचा घोडा झालाय तुझा," टांग्याच्या घोड्यासारखा अडखळणारा भाचा बघून असं म्हणत भागूआत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

भागूआत्या म्हणजे प्राणेशच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. दारात वाकून यावं लागेल इतकी उंच, आणि पाय त्या उंचीला साजेसे. बायकांच्या चपला तिला कधी झाल्याच नाहीत. ती भावाच्या जुन्या वहाणा घालायची, आणि चारचौघांत बसली की लुगड्याचा काठ ओढून पावलं झाकायची. तिला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाने तिचा चेहरा बघायच्या आधी पाय बघितले होते, आणि ती मंडळी चहा न पिताच उठली होती.

"चामडं वाळून लाकूड झालंय," प्राणेश कण्हत म्हणाला. "आठवडाभर कुणीतरी घालून फिरलं तर मऊ पडेल. मी दिवसभर कारखान्यात. कावेरी, तू..."

"माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावतील."

दोघांनी एकदमच आत्याकडे पाहिलं.

"काय? मी? वेड लागलंय का?" आत्या म्हणाली. पण ती कट्ट्यावर बसली. बूट हातात घेऊन उलटासुलटा केला, वास घेतला, नाक मुरडलं. मग पाय आत घातला.

आणि आतल्या आत बोटं हलवून पाहिली.

"टोचतंय का?" कावेरीने विचारलं.

"नाही गं." आत्याचा आवाज बारीक झाला होता. "बसला. सगळी बोटं मावली बघ आत. टाचसुद्धा."

दुसरा बूट तिने स्वतःच ओढून घेतला. कावेरीने नाड्या बांधल्या. आत्या उभी राहिली, लुगडं वर खोचलं, आणि विहिरीपर्यंत चालत गेली. खाड खाड खाड. वळली. परत आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. ते बघून कावेरीही हसायला लागली, आणि प्राणेश तर जमिनीवरच बसला.

त्या आठवड्यात भागूआत्याने अंगणाची माती नांगरून काढली. स्वयंपाकघरात चामडं चालत नसे, म्हणून तिने स्वयंपाक कावेरीवर टाकला आणि स्वतः बाहेर कपडे धुतले, मिरच्या निवडल्या, पापड वाळवले, सगळं बूट घालून. सकाळी बुटांना एरंडेल चोळायची, मग घालायची. शेजारच्या यल्लव्वाने भिंतीवरून डोकावून विचारलं, "भागू अक्का, घरात पलटण उतरली काय?"

"स्वल्प थांब, तुलापण दाखवते," म्हणत आत्याने प्राणेशचा जुना चेंडू असा हाणला की तो भिंत ओलांडून यल्लव्वाच्या ताकाच्या भांड्यात पडला.

रविवारी सामना. आत्या आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली. बूट आपणच तयार केलेत, तर ते कसे धावतात ते बघायला नको?

ते धावले नाहीत. चामडं मऊ पडलं होतं खरं, पण त्यांनी आत्याच्या पायांचा आकार घेतला होता. प्राणेशने दोन-दोन मोजे घातले तरी त्याचे पाय आत सुटे हलत होते. पहिल्या अर्ध्या वेळात तो इतक्यांदा पडला, की संघाचा कप्तान देवाप्पा ओरडला, "अरे, उभा राहून खेळ की स्वल्प!"

सामना संपत आला तेव्हा चेंडू त्याच्यासमोर आला. गोल समोर, मध्ये फक्त गोलकीपर. प्राणेशने जीव खाऊन लाथ मारली. चेंडू डावीकडे गेला आणि बूट उजवीकडे. गोलकीपरला तपकिरी काहीतरी भिरभिरत येताना दिसलं. त्याने झेप घेतली आणि छातीशी घट्ट कवटाळला तो बूट. चेंडू आरामात घरंगळत आत गेला.

मग सगळीकडून हसण्याचा असा लोट उठला, की पंचाला शिट्टी फुंकता येईना. दोनदा तोंडाला लावली, दोनदा हसून खाली घेतली. समोरचा संघ भांडायला धावला, पण त्यांचाच गोलकीपर बूट मिठीत घेऊन हसत पडला होता. पंचाने गोल दिला. चामराजपेट एक शून्यने जिंकलं.

लोकांनी प्राणेशला खांद्यावर घेतलं, एका पायात बूट, एका पायात नुसते मोजे. त्याने वरूनच गोलकीपरकडे हात पसरला, बूट मागून घेतला, आणि खाली उतरल्यावर दोन्ही बूट आत्यासमोर ठेवले.

"घे. हे माझे नाहीतच. मी देवाप्पाकडून दुसरे बघतो."

"असं कसं? गोल केलाय त्यांनी," आत्या म्हणाली.

"त्यांनीच केलाय. मी कुठे?"

आत्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. ती तिथेच गवतावर बसली, पाय सगळ्यांसमोर लांब केले आणि सावकाश नाड्या बांधल्या. प्राणेशने जटका थांबवला, तर ती चढायलाच तयार नाही.

"तुम्ही या बसून. मी चालते."

रस्त्याला लागली तशी तिची चाल वाढली. खाड खाड आवाज ऐकून घोड्याने कान टवकारले. जटकेवाला लगाम धरून बघत राहिला. "अम्मा, येनु इदु?" हे काय, असं त्याने कानडीत विचारलं.

"फुटबॉल!" भागूआत्या ओरडली, आणि लुगडं दोन्ही हातांनी उचलून जटक्याच्या पुढे पळत सुटली.