लाकडाची चव

"तोंडात काहीतरी घाला तिच्या! जीभ चावेल!" बायको ओरडली आणि भोवरेकाकांचा हात आपोआप भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. तिथं त्यांच्या आईच्या काळापासून एक लाकडी डाव टांगलेला होता. त्यानं कधी कुणी वाढलं नव्हतं. आई त्याला हात लावू देत नसे, आणि ती गेल्यावरही तो तिथंच राहिला होता.

नात सुनेच्या मांडीवर ताठ झाली होती. डोळे वर गेलेले, हातपाय थडथड उडत होते. अंग नुसतं भाजत होतं.

"बाबा, नको! काही घालायचं नाही. मागच्या वेळी सांगितलंय ना डॉक्टरांनी," सून म्हणाली. तिनं पोरीला कुशीवर वळवलं आणि तशीच बसून राहिली. जरा वेळानं पोर सैल पडली आणि खेळून दमल्यासारखी झोपली.

दाराशी सुनेची पिशवी भरून ठेवलेली होती. पहिल्या झटक्यानंतरच बायकोनं ठरवून टाकलं होतं, सुनेनं पोरीला घेऊन माहेरी राहावं. ज्यांच्याकडचं दुखणं त्यांनीच निस्तरावं. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. फोनवर तो फक्त "बघू" म्हणायचा. उद्या सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीचे कान पाहिले, घसा पाहिला, मान हलवून पाहिली. मग त्यांचं लक्ष भोवरेकाकांकडे गेलं.

"आजोबा, हा डाव कशाला? आम्हाला वाढणार आहात की काय?"

काकांनी खाली पाहिलं. डाव हातातच राहिला होता. बऱ्याच दिवसांनी सून हसली.

"घशाला सूज आहे, म्हणून ताप चढला," बाई म्हणाल्या. "या वयात मेंदू कोवळा असतो. काही मुलांना ताप सोसत नाही. पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेकांचं थांबतं. घरात कुणाला होतं का लहानपणी? पुष्कळदा रक्तातून येतं हे. कुरळे केस येतात ना, तसं."

"आमच्यात कुणालाच नाही," बायको म्हणाली. "आमचा मुलगा तर कधी शिंकलासुद्धा नाही. हिच्याकडचं विचारा."

"आमच्याकडे पण नाही हो," सून म्हणाली. "आईला दहादा विचारलंय मी."

"माहेरचं झाकायला कुणी शिकवावं लागत नाही."

सुनेनं पोरीच्या पायातला मोजा उगाच वर ओढला.

पोरीला संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवायचं ठरलं. भोवरेकाका बाहेर खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसले. जन्मभर त्यांनी लाकूड कातलं होतं. पाळण्याचे खांब, खुर्च्यांचे पाय, आणि उरल्या तुकड्यांचे भोवरे. हातात लाकूड आलं की अंगठा त्यावर फिरणारच. डावाच्या दांड्यावर तो एका जागी अडला. तिथं बारीक खळगे होते. उंदरानं कुरतडलंय, असं घरात सगळे म्हणत. पण हे कुरतडलेलं नव्हतं, दाबलेलं होतं. एका बाजूला चार, उलट बाजूला चार. इवलेसे.

त्यांनी दांडा स्वतःच्या तोंडात धरला.

त्यांना लहानपणापासून एक स्वप्न पडायचं. पांढरी भिंत कापडासारखी फुगते, बसते, पुन्हा फुगते. आई कुठूनतरी हाक मारते, पाण्याखालून यावी तशी. आणि तोंडभर लाकडाची चव. समोर दवाखान्याची पांढरी भिंत उन्हात उभी होती. ती हलली नाही. चव मात्र तीच होती.

रोज दिवेलागणीला आई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची. लग्न झालं, मुलगा झाला, केस पिकायला लागले, तरी. "भोवऱ्या, तापलास का रे?" म्हणून मित्र चिडवायचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "असू दे. हाताला सवय आहे."

ते उठून आत गेले.

"बाई, हे माझ्याकडून आलंय," त्यांनी डाव पुढं केला. "हे माझे दात."

"अहो, काहीतरीच काय!" बायको म्हणाली. "तुम्हाला आठवतंय का?"

"नाही. झटक्यातलं कसं आठवणार? पण आईनं हा डाव का जपला, ते आज कळलं."

"मग आपल्या मुलाला कसं नाही झालं?"

"एखादी पिढी गाळूनही येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डाव उजेडात धरून पाहिला. "डावावरून छातीठोक नाही सांगता येणार, आजोबा. पण असू शकतं."

बायको त्या खळग्यांवर बोट ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"एवढेसे होतात तुम्ही?" ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं दाराशी ठेवलेली पिशवी उघडली आणि पोरीची झबली एकेक करून फळीवर परत लावली. सुनेच्या भावाला फोन करून "उद्या येऊ नकोस" हेही तिनंच सांगितलं.

भोवरेकाका झोपलेल्या नातीजवळ भिंतीला टेकून बसले होते. त्यांचेही डोळे मिटत आले होते. सुनेनं पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरला होता. मग तोच हात तिनं, जाता जाता, त्यांच्या कपाळावर ठेवला.