पुढे उभा राहणारा

"मी नाय येनार," काळुराम म्हणाला आणि शेळ्यांना पाला टाकायला वळला.

शीळफाट्यापलीकडे सासऱ्याच्या शेळ्या राखत त्याची बरीच वर्षं गेली होती. त्याआधी तो आंबिवलीच्या बाजूला एका वीटभट्टीवर राबत होता. मालकाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेलं माणूस तिथून सुटत नसे. एकदा मुकादमाने एका म्हाताऱ्याला लाथ घातली, तेव्हा काळुरामने मुकादमाच्याच पाठीत फावड्याचा दांडा घातला आणि भीतीने रानात पळाला, तो परत गेलाच नाही.

आज थोरली बहीण जाईबाई भट्टीवरून लपतछपत आली होती. सोबत मजुरांच्या संघटनेच्या रसिकाताई.

"मागे तहसीलदार साहेब चौकशीला आलेले," रसिकाताई म्हणाल्या. "मुकादमासमोर सगळे म्हणाले, खुशीने राहतो. उद्या साहेब पुन्हा येतायत. तुमच्यातलंच कुणीतरी पुढे हवं, दादा."

"म-माझं तोंड अडकतं. दु-दुसरा बघा."

"तू नुसता उभा राहा. बोलायला मी हाय ना मेल्या! लहानपनी तुझी भांडनं कोन भांडायचं?" जाईबाई म्हणाली.

बायकोने त्याच्या हातातली काठी काढून घेतली. "शेळ्या मी बघते. झोपंत सारखी त्याच लोकांची नावं घेता. जावा एकदाचे."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या गाडीमागून तो भट्टीवर पोचला. "आला का पळपुट्या?" मुकादम हसला. काळुराम जाईबाईच्या आड सरकला.

जाईबाई घडाघडा बोलली. मार, उपास, कोंडून ठेवणं, सगळं. पण माणसं खाली बघत राहिली. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याचा बालमित्र सखाराम पुटपुटला, "खुशीनं राहतो."

जाईबाईने वळून काळुरामकडे पाहिलं.

काळुराम चिखलात उतरला आणि विटा थापणाऱ्या सखारामशेजारी उकिडवा बसला.

"स-सखा, मी भ्यालेलो. आजपन भ्यालोय. त-तरी आलो."

कुणी हसलं नाही. सखारामने हातातला चिखलाचा गारा खाली ठेवला, लुंगीला हात पुसले आणि तो उभा राहिला.

"लिवा साहेब. आमाला जायाचंय."

मग एकेक जण उठला.

संध्याकाळी भांडी, कोंबड्या, पोरंबाळं टेम्पोत चढली. म्हातारी रखमाबाई मात्र दिसेना. काळुराम शोधत गेला, तर ती रिकाम्या खोपटात जमीन सारवत होती.

"म-मावशे, भट्टीवाल्याचं खोपट हाय हे. कशाला?"

"माझा पोर हितंच गेला रे," ती मान वर न करता म्हणाली. "जागा अशीच टाकून कशी जाऊ?"

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काळुरामने दारातून हात वर करून त्याला थांबवलं, कळशीभर पाणी आणून म्हातारीपाशी ठेवलं आणि तिच्याशेजारी बसून दुसऱ्या कोपऱ्यापासून सारवायला घेतलं.