कनेरगाव नाक्याची दुसरी लेथ

कनेरगाव नाक्यावर दोन ढाब्यांच्या मधोमध एक खासगी आयटीआय होतं. तिथल्या टर्नरच्या वर्गाची मान्यता टिकवायला लोखंड कातायच्या दोन लेथ मशिनी लागत. होती एकच, आणि तपासणी मंगळवारी होती. मान्यता गेली की सोळा पोरांचं वर्ष जाणार, मागोमाग त्यांना शिकवणाऱ्या भीमराज सरांची नोकरी.

म्हणून २००६च्या उन्हाळ्यात सरांनी दुसरी लेथ कॉम्प्युटरात बांधली. पहिलीचं हुबेहूब जुळं. माणूस प्रामाणिक, त्यामुळे खोडीही उतरवल्या. खरी लेथ नुसत्या बटणानं सुरू होत नसे. डाव्या कुशीत बुक्की घालावी लागे. पडद्यावरचीलाही माऊसनं तिथंच बुक्की हवी, नाहीतर ती ढिम्म. दर नऊ मिनिटांनी दोघीही रुसत.

झाडलोट करणाऱ्या पद्माबाईंना हे पटेना. "काहून सर, बिघाड बी काढून राहिले? चांगली काढा की!"

"मग ती आपली लेथ राहणार न्हाई, बाई."

"तुमच्या लग्नाचा फोटो बी असाच प्रामाणिक निघाला वाटते."

मंगळवारी साहेब आले. वीस वर्षं यंत्रं मंजूर केलेली, हात एकाही यंत्राला लागलेला नाही.

"ही दुसरी लेथ? ही तर टीव्हीत आहे!"

"बसा तर खरं, साहेब."

साहेबांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आपला प्रामाणिकपणा आपल्याला खाणार, हे सरांना दिसू लागलं.

"बुक्की घाला साहेब, डावीकडून," पद्माबाई दारातूनच म्हणाल्या. "लाजू नका."

साहेबांनी घातली. लेथ फिरली. तासाभरात साहेबांनी सात बुक्क्या घातल्या, शेवटच्या दोन तर दात-ओठ खाऊन.

मग उठले आणि चेहरा सरकारी केला. "असल्या खेळण्यानं कुणी शिकत नसतं. खरी दाखवा."

खऱ्या लेथचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. लेथ गप्प. सर पुढं होणार तोच साहेबांनी कुणालाही न विचारता तिच्या डाव्या कुशीत नेमकी बुक्की घातली. लेथ घुरघुरली.

साहेब आपल्या मुठीकडे बघत राहिले.

"साहेब, याआधी चालवली होती कधी?" सरांनी विचारलं.

"कधीच नाही."

"मंग शिकत असते की कुणीतरी," पद्माबाई म्हणाल्या.

जीपच्या ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला. साहेब हलेनात. लोखंडाचा कीस उडत होता. सरांनी मान्यतेचा कागद पुढं धरला, साहेबांनी वर न बघता सही केली.

"बाजूला व्हा," ते म्हणाले, "उजेड अडवून राहिले तुमी."