अटकेचा रकाना

कल्पना करा, तुम्ही सतरा वर्षांचे आहात आणि नर्सिंगच्या शाळेचा अर्ज भरायला बसला आहात. नाव लिहून झालं, गुण लिहून झाले. मग एक रकाना येतो: 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का? अल्पवयीन असतानाचीही नोंदवावी.' तुमचा हात थांबेल का? आपल्या गोष्टीतल्या मुलीचा थांबला.

समोर तिचे बाबा बसले होते. त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान. अर्जावर पालकाची सही लागणार, म्हणून ते भरदुपारी शटर ओढून आले होते.

"नाही लिही," बाबा म्हणाले. "कोर्टानं फाइल बंद केलीये. कोण बघायला जातंय?"

"बंद केली म्हणजे घडलंच नाही, असं होतं का, बाबा?"

"नाही होत. पण हो लिहिलंस तर दारातूनच परत पाठवतील, बाई. तीन वर्षं मान मोडून अभ्यास केलास, तो काय यासाठी?"

घडलं होतं ते असं. मुलगी लहानपणापासून बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून किल्लीविना कुलूप उघडायला शिकली होती. त्याला दोन तारा लागतात, तीक्ष्ण कान लागतो आणि धीर लागतो. बाबांचा नियम एकच: कुणीही बोलावलं तरी आधी शेजाऱ्याला हाक मारायची, घर त्या माणसाचंच आहे ना ते विचारायचं, मगच तारा बाहेर काढायच्या.

ती चौदा वर्षांची असताना एक मैत्रीण म्हणाली, "किल्ली हरवलीये गं, आमचं दार उघडून दे ना. का बाबांनाच जमतं फक्त?"

एवढं टोचणं पुरलं. शेजाऱ्याला हाक मारायला मुलगी थांबलीच नाही. मिनिटाभरात दार उघडलं. घर मैत्रिणीचं नव्हतं. मैत्रिणीने आतून दागिने उचलले आणि संध्याकाळी पोलीस दोघींनाही घेऊन गेले.

चौकीत साहेबांनी बाबांना विचारलं, "हिला हे कुणी शिकवलं?"

दुकानाचा परवाना जाईल, या भीतीने बाबा बोलून गेले, "मी नाही, साहेब. कुठून शिकली, कुणास ठाऊक."

त्यानंतर मुलगी दुकानाची पायरी कधी चढली नाही. बाबांनीही बोलावलं नाही.

आता तिने 'हो'समोर खूण केली, खालच्या ओळींत सगळं लिहून काढलं आणि कागद बाबांपुढे सरकवला. बाबा शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचू लागले. एका जागी बोट अडलं.

'कुलूप उघडायला मी माझ्या वडिलांकडून शिकले. आधी शेजाऱ्याला विचारायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. ते मी केलं नाही.'

"मी तर चौकीत नाही म्हणालो होतो," बाबा हळूच म्हणाले.

"माहितीये. मी मागच्या बाकावरच बसले होते."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाबांनी पेन उचललं. बारीकशा तारेने कुलपाचं पोट चाचपणारा तो हात. पण पेनाचं टोक काही कागदावर टेकेना. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. सहीची जागा त्यांना दिसत नव्हती.

मग मुलीने काय केलं? तिने त्यांचा चष्मा काढला, आपल्या बाहीने पुसला, पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवला. आणि सहीच्या जागेवर बोट टेकवून ती बसून राहिली.