शेवटचा फुगा

“मठवाल्या बाई, डोळे झाका. टवाळ अंक आला!”

फाउस्तोनं गठ्ठा टेबलावर टाकला. सवयीनं चेष्टा केली खरी, पण हसला नाही. नऊ दिवस मासिकाचा चित्रकार एल्वियोचा पत्ता नव्हता. संपादकाचं काम सोडून फाउस्तो बोलोन्या शहरातली गल्ली न् गल्ली पालथी घालत होता.

एर्सिलियाच्या ओठांवर जप चालू होता, बोटं माळेवर. एल्वियोची नशेची सुई सुटावी म्हणून ती दर शनिवारी उपाशीपोटी सान लुकाच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढायची. चाळीस दिवस सुटलीही होती.

‘रोस्पो’ मासिकात चित्रांतली माणसं जे बोलत, ते त्यांच्या तोंडापाशी काढलेल्या फुग्यांत शाईनं लिहिणं हे तिचं काम. चित्रकार पेन्सिलीनं खरडत, ती गिरवी, मग पेन्सिल पुसून टाकी. मजकूर पोपच्या, संतांच्या टिंगलीचा. पोट तर भरायला हवं. म्हणून तिनं पाद्रीबाबांना शब्द दिला होता, हातानं लिहीन, डोळ्यांनी वाचणार नाही. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, ती उलटं गिरवत जायची. अकरा वर्षांत व्रत मोडलं नव्हतं, आणि फाउस्तोखेरीज मासिकात कुणाला ते ठाऊकही नव्हतं.

एल्वियोनं नाहीसं होण्याआधी दिलेलं पान फाउस्तोनं उघडलं आणि एका फुग्यावर बोट ठेवलं.

“एर्सिलिया, हे तू लिहिलंस?”

“दुसरं कोण लिहिणार?”

“वाच.”

“मी वाचत नाही, तुला ठाऊक आहे.”

“अगं बाई, वाच गं!”

चित्रात पलंगाखाली दडलेला बेडूक म्हणत होता, ‘एर्सिलिया, सुई पुन्हा हातात आली. प्रातेल्लो गल्लीत चांभाराच्या वरचा पोटमाळा. दार उघडं ठेवतो. फक्त तू ये.’

अक्षरं तिचीच होती. एकसारखी, सुबक.

दोघं धावत सुटली. तिच्या हातात अंक तसाच राहिला. खालच्या दुकानात चांभारानं मान वर केली.

“वरचा ना? परवापर्यंत रोज विचारायचा, कुणी बाई येऊन गेली का म्हणून.”

दार उघडंच होतं. खोली गारठलेली. एल्वियो भिंतीकडे तोंड करून निजला होता. फाउस्तोनं त्याच्या मानेला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“मी… मी खाली जाऊन फोन करतो,” म्हणत तो जिन्याकडे वळला.

खाटेजवळ एक खुर्ची ओढून ठेवलेली. तिची बैठक फाटली होती, बसणाऱ्याला टोचू नये म्हणून वर टॉवेलची घडी घातली होती.

एर्सिलिया तिच्यावर बसली. हात माळेकडे गेला, थांबला. तिनं अंक मांडीवर उघडला आणि एल्वियोला ऐकू जाईल अशा बेतानं, पोपच्या टवाळीसकट, पहिल्या फुग्यापासून सुलट वाचायला लागली.