ॲसिडात घातलेला शिकंजा

गंज दिसला की मिस्त्रीचा हात सुटायचा. गंज लोखंडावर असायचा, हात मात्र बायकोवर. मागच्या आवारात मोडक्या गाड्यांच्या सामानाचा ढीग होता आणि त्यातलं एकेक उचलून विकण्याजोगं करायचं काम लग्नानंतर आठव्या दिवशीच तिच्या गळ्यात पडलं होतं. तिला ते यायचंही झकास. नट-बोल्ट दिवसभर व्हिनेगरमध्ये, चकचकीत पत्र्यांना ओल्या फॉइलचा बोळा, आणि शेवटी सगळ्यांना खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून एक बुचकळी. ओट्यावर एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे ब्रेकचे तुकडे. पाहुणे यायचे बंद झाले होते, पण ते काही व्हिनेगरच्या वासामुळे नव्हे.

त्या दिवशी दिराच्या टॅक्सीची पुढची स्प्रिंग बदलायची होती. असली स्प्रिंग दाबून धरायला शिकंजा लागतो. दोन लांब आट्यांचे दांडे, त्यांना आकडे. नट आवळत गेलं की स्प्रिंग दबत जाते, आणि दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. मिस्त्रीचा शिकंजा गंजून बसला होता. नट जागचा हलेना.

"दुपारपर्यंत हा आरशासारखा पाहिजे," मिस्त्री म्हणाला.

"तेल लावून तारेच्या ब्रशने घासते. उद्यापर्यंत होईल."

"उद्या? संडासचं ॲसिड ओत त्याच्यावर."

"अहो, ताणाचं सामान ॲसिडात घालत नाहीत. बाबा म्हणायचे, वरून चमकतं आणि आतून ठिसूळ..."

तिचा बाप जन्मभर स्प्रिंगा बनवत होता. पण मिस्त्रीला सासऱ्याचं नाव काढलेलं खपत नसे. त्याने तिचे केस धरले आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. एका हाताने रक्त पुसत दुसऱ्या हाताने तिने बादलीत ॲसिड ओतलं. बादली फसफसली, धूर डोळ्यांत गेला, आणि निदान रडायला एक कारण मिळालं.

दुपारी शिकंजा नव्यासारखा लखलखत बाहेर आला. तिने पुन्हा तोंड उघडलं. खोड जात नाही म्हणतात ती अशी.

"चार-पाच तास ओव्हनमध्ये तापवू द्या. बाबा तसंच करायचे. मग त्यातला ठिसूळपणा जातो."

"केक करतेस का त्याचा?" स्वतःच्याच विनोदावर मिस्त्री पोट धरून हसला आणि हसता हसता तोच दांडा त्याने तिच्या नडगीवर हाणला. "फारच वाटत असेल तर बापाला विचारायला वर पाठवतो तुला."

ती खाली बसली. आता चकार शब्द काढायचा नाही असं तिने ठरवलं. मरू दे, असं तिला मनापासून वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

तीन वाजता दीर आला. त्या घरात "वहिनी, जेवलात का?" असं विचारणारा तो एकटाच. भुवई पाहून तो म्हणाला, "दादा, पुन्हा?"

"दारावर आपटली. आंधळी आहे."

मिस्त्रीने शिकंजा स्प्रिंगला अडकवला आणि नट आवळायला घेतले. वीसेक फेरे झाल्यावर त्याचं मनगट भरून आलं. त्याने पान्हा भावापुढे टाकला. "घे, तू आवळ. तुझीच गाडी ना?"

दीर उकिडवा बसला. त्याचं तोंड स्प्रिंगपासून वीतभर होतं.

तिने दिराकडे पाहिलं. हा मेला तर? दिराला काहीतरी निमित्त काढून आत बोलावता आलं असतं. सिलिंडर उचलून द्या, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. तिला ते सुचलंही. पण दुसरंही काहीतरी सुचलं. ती जे करू नका म्हणेल ते मिस्त्री करणारच. ओल्या कौलांवर जाऊ नका म्हटलं तेव्हा तो कौलांवर उभा राहून विडी प्यायला होता. सात वर्षांत यात एकदाही फरक पडला नव्हता.

"भाऊजी, हात लावू नका!" ती ओरडली. "तो दांडा तुटणार आहे. उठा तिथून!"

दीर दचकून मागे सरला. मग ती नवऱ्याकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "आणि तुम्हीही लावू नका."

"मला शिकवतेस?" मिस्त्रीने पान्हा हिसकावला, भावाला खांद्याने ढकललं आणि तिच्याकडे बघत, दात काढत, अख्ख्या अंगाचा भार टाकून नट फिरवला. एकदा. दुसऱ्यांदा.

खाडकन आवाज झाला. स्प्रिंग उसळली आणि सुटलेला आकडा मिस्त्रीच्या जबड्याखाली घुसला. तो उताणा पडला. रक्त पार भिंतीपर्यंत उडालं. त्याच्या टाचा थोडा वेळ जमिनीवर आपटत राहिल्या. दीर दोन्ही हातांनी गळा दाबून धरत "दादा, दादा" करत होता, पण बोटांमधून सगळं निघून चाललं होतं. तुटलेला दांडा तिच्या पायाशी आला होता. तुटल्या जागी आत साखरेसारखे ठिसूळ दाणे दिसत होते.

लोक जमले, अँब्युलन्स आली आणि घाई न करता गेली. पोलिसांना दिराने स्वतःहून सांगितलं, "वहिनींनी ओरडून सांगितलं होतं. मी साक्षीला आहे. माझा जीव त्यांच्यामुळे वाचला."

मग तो तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्याचे हात अजून लाल होते आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी. तुम्ही तर सांगितलंत. दादानेच ऐकलं नाही."

ज्याच्याशी खोटं बोलू नये असं तिला वाटायचं, असा जगात हा एकच माणूस होता.

"ते ऐकणार नाहीत म्हणूनच सांगितलं, भाऊजी."

त्याने पुढे केलेला ग्लास त्याच्याच हातात राहिला.